जाहिरातीची शेवटची ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे — तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही, म्हणून असेल.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बनारसच्या आमच्या मराठी घरांतली कॉम्प्युटरमध्ये एम.टेक. झालेली पहिली मुलगी. हाताने लिहिलेली देवनागरी यंत्राला वाचता यावी, हे तिने डोक्यात घेतलं होतं. चौकटींच्या वहीत मला शंभर-शंभर वेळा 'क' काढायला लावायची. माझं अक्षर सुरेख ना! याच विषयात तिला पीएच.डी. करायची होती, पण दरमहा फेलोशिप मिळाली तरच. बाबा नव्हते. आईचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ताई मंगला गौरीच्या गल्लीतून क्वचितच बाहेर पडायची.

म्हणून जाहिराती बघायचं काम माझ्याकडे. माझी बँक विद्यापीठाजवळ होती. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की इंजिनिअरिंगच्या नोटीस बोर्डापुढे उभं राहायचं आणि कामाचं असेल ते उतरवून आणायचं. तेव्हा इंटरनेट कुठलं? माझा कागद आला, तरच तिला कळणार.

एका शनिवारी ती जाहिरात दिसली. दक्षिणेतली मोठी संस्था. विषय अगदी तिचाच. फेलोशिप, वसतिगृह, सगळं. वयोमर्यादा अठ्ठावीस — आणि ताईला एकोणतीस पूर्ण झालेली. पण खाली, अगदी शेवटी, आणखी एक ओळ होती — महिला उमेदवारांना पाच वर्षांची सवलत.

मी वयोमर्यादेपर्यंत लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

माझं लग्न ठरलं होतं. ताई गेली तर आईची कूस कोण बदलणार? मी? नवी नवरी? एवढंच मनात आलं, ताईचा विचार आलाच नाही — नाही, हेही खोटं. आला होता. मग कागद आणलाच कशाला? पण मला चांगला भाऊही दिसायचं होतं ना.

ताईने कागद दोनदा वाचला. "सालभराने हुकलं की रे!" म्हणाली आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून रडली. मी बघत होतो. मग वर माझीच समजूत — "जाऊ दे. इतक्या धूपमधून आलास, आधी चाय घे." मी घेतली.

पुढे ताईने घरी कॉम्प्युटर घेतला आणि लोकांचे पीएच.डी.चे प्रबंध टाइप करून द्यायला लागली. लोकांचे. आई त्यानंतर सात वर्षं होती.

आई गेल्यावर महिन्याभराने बालाजी घाटावरच्या जोशांची मुलगी एक जाहिरात घेऊन आली. वय उलटलं म्हणून रडवेली झालेली. मी तिथेच बसलो होतो. ताईची बोटं कीबोर्डवर चालूच होती.

"शेवटपर्यंत वाच गं," ती म्हणाली. "बायकांना पाच वर्षं छूट असते. माझ्या वेळीही होती."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. केव्हापासून माहीत होतं तिला? किती वर्षं तिने मला चहा करून दिला होता?

मुलगी उड्या मारत गेली. ताई उठली, स्टोव्हजवळ गेली. "चाय घेणार?"

मी हो म्हणालो. तेवढंच म्हणालो.