मीटरच्या अलीकडची तार

मी मेन स्विच खाली ओढला, तरी सून सुटली नाही. एका हातात पिळलेलं लुगडं, दुसरा हात कपडे वाळत घालायच्या तारेवर, आणि ती उभ्या उभ्या थडथडत होती. तोंडातून आवाज नाही. मला वाटलं स्विच नीट पडला नसेल. परत वर केला, परत खाली ओढला. घरातला पंखा थांबला, रेडिओ थांबला. ती थांबली नाही.

मग करू नये तेच मी केलं. तिचा दंड धरला. असा हिसका बसला की मी धुण्याच्या दगडावर जाऊन पडले. उठले, घरातून कोरडा पाट आणला आणि तिच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. हात सुटला, ती खाली पडली.

नाशिकला आमच्या वस्तीत तेव्हा सगळी पत्र्याची घरं होती. खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर एका लोखंडी तारेच्या आधारानं लटकायची आणि ती तार पत्र्याजवळच्या हुकाला ताणलेली असायची. हुक आयता मिळालेला, मजबूत. मी त्यालाच कपड्यांची तार बांधली, दुसरं टोक शेवग्याला. वस्तीत सगळ्या बायकांनी तेच केलं होतं. वायरमन आला की म्हणायचा, "मावशी, ही सोडा. सर्व्हिस वायरीला काही बांधायचं नाही, कायदा आहे."

"तुझ्या कायद्याला माझं धुणं जड होतं का रे?"

तो हसायचा आणि चहा पिऊन जायचा.

धुण्याच्या ओझ्यानं ती आधाराची तार रोज हलत होती. घासून घासून वायरीचं रबर गेलं आणि वीज हुकातून माझ्या तारेत उतरली.

कुणाला वीज लागली की सरकारी निरीक्षकाला कळवावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी ते आले. मी आधी तेच विचारलं, "साहेब, मी स्विच पाडला होता. दोनदा."

"आजी, तुमचा स्विच मीटरच्या पुढं. तिथून पुढची वायर तुमची. खांबापासून मीटरपर्यंतची वीजवाल्यांची. ती खांबावरूनच बंद होते."

म्हणजे ती अंगणात मरत होती आणि मी आत दोनदा पंखा बंद केला.

साहेब लिहीत होते तेव्हा शेजारीण माझ्या कानाला लागली. "मावशी, तुम्ही बांधली असं कशाला सांगता? वायरमननं बांधली म्हणा."

"तू गप बस."

पण ती साहेबांना काहीतरी बोललीच असणार. कागद माझ्यापुढं आला. माझी शाळा चौथीपर्यंत, सावकाश वाचलं. 'अज्ञात व्यक्तीने तार बांधली' असं होतं.

"अज्ञात कोण? मी बांधली. खोडा ते."

त्यांनी खोडलं, माझं नाव घातलं. मी सही केली.

सून सरकारी दवाखान्यात होती, हाताला प्लास्टर. ती चांदवडकडची, तोंडाची फटकळ.

"आत्याबाई, हात मोडला तुम्ही माझा."

"मोडला."

"लय जोरात हाणलं."

"हळू हाणलं असतं तर बोलायला राहिली नसतीस."

"ते हाय. पण तार कोणी बांधली होती?"

"मी."

तिनं प्लास्टरचा हात पोटाशी ओढून घेतला.

तिला घरी आणलं त्या दिवशी वस्तीत प्रत्येक हुकाला धुणं लटकत होतं. शेजारणीच्यासुद्धा. मी तिच्या हुकाकडं बघत उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "आमची वायर नवीन आहे, मावशी."

मनगट वाकडंच जुळलं. त्या तारेला सून चिकटली आणि तिला मी धरलं. दोघी जगलो.