चाचांनी सांगितलेली तौबा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सुरतेजवळच्या भेस्तानच्या प्रिंटिंग मिलमधल्या चाचांचं नाव घेतो. सगळे त्यांना चाचाच म्हणत. कापड तपासण्याच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. नव्वदच्या दशकात मी खानदेशातून बी.कॉम. होऊन सुरतेला आलो, घरातला पहिला पदवीधर. मला त्यांच्याच टेबलावर बसवलं.

छापून आलेला कापडाचा ताका टेबलावरून ओढत न्यायचा. डाग दिसला तर बाजूला, नाहीतर 'फ्रेश'चा शिक्का. शिक्का टेबलाला एकच, आणि जबाबदारी चाचांची.

एकदा काम लवकर उरकावं म्हणून मी बारीक डाग असलेल्या ताक्यावर शिक्का मारला. डबा गोड लागला नाही. पुढच्या आठवड्यात दोन ताके तसेच सोडले. महिन्याभरात जेवण नीट जाऊ लागलं.

मग पर्वत पाटिया भागातल्या एका व्यापाऱ्याकडून माल परत आला. मिलचे शेठ टेबलापाशी येऊन ओरडले, "चाचा, तमारी आंख गई! सोमवारथी घरे बेसो."

सोमवारपासून चाचांची नोकरी गेली. शिक्के मी मारल्याचं मी सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी परत आलेला एक ताका माझ्यापुढे पसरला. "बीकॉम साहब, ज़रा दाग दिखाओ."

मी दोनदा कापड न्याहाळलं. खरंच दिसला नाही. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा दिसला. चांगला तुरीच्या दाण्याएवढा होता.

"आंख मेरी गई कि तेरी?" चाचा हसले. मला रडू आलं.

मग त्यांनी त्यांच्या धर्मातली शिकवण सांगितली. माणसाने पाप केलं की दिलावर एक काळा ठिपका पडतो. पस्तावून तौबा केली तर दिल पुन्हा उजळतं. तेच करत राहिला तर ठिपका वाढत सगळं दिल झाकून टाकतो. मग वाईट गोष्ट वाईट दिसतच नाही.

"माझं पूर्ण झाकलं गेलं असेल तर?" मी विचारलं.

"जब तक पूछ रहा है, तब तक नहीं।"

"तौबा कशी करायची, चाचा?"

"वो गलत काम छोड़, पछता, फिर न करने की ठान ले। और किसी का हक मारा हो तो लौटा। अल्लाह अपना हक माफ कर देगा। मेरेवाले की माफी मुझसे मांगनी पड़ेगी," असं म्हणून त्यांनी आपली अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवली.

मी शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि शिक्के मी मारले असं सांगितलं. शेठनी मला त्याच दिवशी काढलं, चाचा राहिले. फाटकापर्यंत ते सोबत आले. शरमेने मी त्यांची माफी न मागताच निघालो.

पुढे बारडोलीला कारकुनाची नोकरी लागल्यावर मी त्यांना हिंदीत पत्र लिहिलं. त्याचं हे मराठी:

"चाचा, सलाम. शेठपुढे मी खरं बोललो, पण तुमच्यापुढे नाही. शेठ तुमच्यावर ओरडत होते तेव्हा मी मान खाली घालून कापडाची घडी घालत होतो. तुम्ही ते पाहिलंत आणि तरी मला जेवू घातलंत. तुमचा हक्क मी मारला. त्याची माफी मागतो. माफ केलंत की नाही, ते कळवा. नाही केलंत तरी कळवा. मग रविवारी येऊन समोर उभा राहून मागीन."