सुभेदारांच्या बजेटातलं खण-नारळ

गिरणीत दळण घेऊन उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, "सुभेदार भर वास्तुशांतीत त्या आर्किटेक्ट पोरीच्या पाया..." आणि मेली गिरणी सुरू झाली!

आमच्या इस्लामपुरात कुणी घर बांधायला काढलं की विटांच्या आधी किस्से येऊन पडतात. सुभेदार म्हणजे फौजेतून रिटायर झालेले, माझे भिंतीला भिंत शेजारी. मग काय, माझ्याकडं ट्रॉलीभर!

*

बजेट त्यांनी कट्ट्यावर बसून वाचून दाखवलं. सिमेंट, सळई, वाळू, गेटवरचे दोन सिंह, जेवणातली बुंदीसुद्धा.

"आवं, आर्किटेक्टची फी?" मी विचारलं.

"हाय की! शेवटी बघा. खण-नारळ."

*

आर्किटेक्ट म्हणजे सांगलीची शर्वरी. स्कूटीवरनं आली, फी सांगितली, तसे सुभेदार भडकले. "चार रेघा मारायचं एवढं?"

पोरीनं शांतपणे चार रेघांचा चौकोन काढून हातात दिला. "घ्या काका, ह्या फुकट. दारं-खिडक्या तुमी बघा!" आणि गेली.

*

"म्या बंकर बांधल्यात!" म्हणत सुभेदारांनी गवंड्याला धरून काम रेटलं. जिना असा निघाला की पायऱ्या गुडघ्याएवढ्या, आणि वर पोचलं की बीम कपाळात!

सुभेदारांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, उभा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेलेला. स्वतःची गच्ची, एवढंच मागणं. तिसऱ्या पायरीवरच गुडघे धरून बसल्या.

"वर वाकून जायचं. फौजेत सवय आस्ती," सुभेदार म्हणाले.

"मी कवा हुते फौजेत?"

*

दुसऱ्या दिवशी काकूंनीच शर्वरीला फोन लावला. ती आली, बघितलं, म्हणाली, "जिना पाडायला लागंल काकू. आन् फी पूर्ण."

काकूंनी बजेटची वही ओढली, दोन्ही सिंह खोडले, तिथं फी लिहिली.

"आगं, गेट भुंडं दिसंल!"

"दिसू दे. घरात तुमी हाय की एक!"

*

वास्तुशांतीला नेमकी मी कवठे महांकाळला, भावाकडं. म्हणून तर दळण गिरणीत टाकून तशीच धावले. काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. नवा जिना मीपण धाप न लागता चढले!

"काकू, सुभेदार खरंच पाया पडले व्हय?"

"पाया कुठलं! शर्वरी वर उभी हुती. हे चढले आन् पैल्या जिन्याच्या सवयीनं वाकले. आता बीम कुठाय तिथं?"

"म्हंजे खोटंच की!"

"वाकले ते खरं." काकूंनी सोऱ्या पुन्हा भरायला घेतला. "पण सरळ हून तिला 'मॅडम' म्हणाले, ते न्हाई सांगितलं व्हय कुणी?"