राजाच्या गालावरचा ठसा

टांकसाळीत सगळे तिला मावशी म्हणत, साहेबसुद्धा. शहराने आपल्या जुन्या किल्ल्यांची नि राजांची चांदीची स्मृतिनाणी काढली होती. ती पुसून डबीत बंद करायचं काम तिचं आणि तिच्या सुनेचं. चांदीला उघडं बोट लागलं तर तेव्हा काहीच दिसत नाही. महिन्याभराने तिथे काळा ठसा उमटतो. म्हणून हातमोजे. मुलाचं काम सुटलेलं, घर या दोघींच्या जिवावर, आणि सुनेची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

शेवटची डबी मिटली आणि मावशीला दिसलं, आपल्या मोज्याचा अंगठा उसवलाय. कधीपासून? देव जाणे! खोकी तर रवाना झालेली. सांगावं तर नोकरी जायची. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून ती गप्प बसली आणि जीव टांगणीला लागला. चोराच्या मनात चांदणं; साहेबांचं दार वाजलं तरी ती हातातलं काम टाकून तिकडे बघायची. घास उतरेना.

"बरं नाही का, आई?" सून विचारायची.

"वय झालं गं."

पोरगीही हल्ली गप्प गप्प असायची, पण मावशीला स्वतःच्या काळजीतून सवड कुठे!

शेवटी एक डबी परत आलीच. साहेबांनी दोघींना आत बोलावलं. राजाच्या गालावर काळाभोर अंगठा, रेघ न् रेघ स्पष्ट.

"पॅकिंगला तुम्ही दोघीच होतात. कोणाचा हा?"

मावशीने भिंगातून ठसा पाहिला, मग आपला अंगठा. आधीची सगळी वर्षं पॉलिश खात्यात घासकाम करून तो पार गुळगुळीत झाला होता, रेघ नावाला उरली नव्हती. ठसा तिचा नव्हता. सुटले बाई, असं मनात येतंय तोच शेजारी सुनेने हात पाठीमागे नेला.

महिनाभर ती घाबरली होती खरी, पण एवढी नाही.

"माझाच, साहेब. मोजा फाटला होता. मी लपवलं."

"अंगठा दाखवा."

मावशीने मूठ आवळली. "इतक्या वर्षांत माझा शब्द खोटा पडलाय?"

साहेबांनी सुनेकडे पाहिलं, मग बराच वेळ त्या मुठीकडे.

"उद्यापासून येऊ नका, मावशी."

बाहेर येताच सुनेला हुंदका फुटला. ती परत दाराकडे वळली, तसा मावशीने तिचा दंड धरला.

"तोंडातून ब्र काढू नकोस," ती म्हणाली, "नाहीतर माझी नोकरी फुकट जाईल."