शिंकेला टिकेल ते माप

पिंपरी कॅम्पातल्या आमच्या शिवणवाल्या मावशींनी प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही समोर उभं करून त्याची मापं कशी चुकली ते सुनावलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. गळ्यात टेप असायची, पण ती गिऱ्हाइकाला धीर वाटावा म्हणून. माप त्या डोळ्यांनीच घेत, तेही तुम्ही रस्त्याच्या पलीकडे असताना. समोरच्या कापडवाल्याला त्यांनी एकदा बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "शेठ, किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या खिशात टाका, खांदा पडलाय!" ब्लाउज शिवून झाला की तो अंगात घालायचा, आणि मग हातावर चिमूटभर तपकीर. शिंकायचं! हूक तुटलं तर ब्लाउज नापास. त्या शिंकांना घाबरून स्टेशनातली गाडी वेळेआधी सुटायची, असं मी सांगत असते. तुम्ही निम्मं खरं धरा.

गाठीपायी डॉक्टरांनी माझा डावा स्तन काढला, तेव्हा मी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. टाके सुकले, रजा संपली, सोमवारी पहिली पाळी. एका टेबलाला आम्ही वीस बायका. कुणी काही बोललं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण मला बघून सगळ्या गप्प झाल्या असत्या, तर मी नोकरीच सोडली असती. म्हणून मावशींकडे गेले. तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कापसाचा करू. केवढा?"

आता लाजायचं तरी काय? म्हटलं, "देवानं दिलं ते बेताचंच होतं. या खेपेला आपल्या हातात आहे, तर दोन नंबर मोठा करा."

"आन उजवीला काय सांगशील? तिला बढती न्हाई मिळाली म्हनून?"

मी हट्टाला पेटले. मावशींनी तसाच शिवला, चोळीत बसवला आणि तपकिरीची डबी पुढं केली. पहिल्याच शिंकेला ऐवज थेट गळ्याशी! दोघी भिंतीला टेकून हसलो. ऑपरेशननंतर मी हसले ती तेव्हाच.

मग उजव्याएवढीच पिशवी शिवली, वजनाला कापसात मोहरी भरली. मला गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लावून त्या मागून ओरडायच्या, "खांदा पडतोय, ये माघारी!" की चिमूटभर मोहरी कमी. अशा सात फेऱ्या. कापडवाल्याला वाटलं, मी नवस फेडतेय. आठव्या फेरीला हाक आलीच नाही. वळून पाहिलं, तर मावशी दुसऱ्याच कुणाच्या ब्लाउजाला काजं करत बसलेल्या!

सोमवारी खोक्यांतल्या पेंढ्याची धूळ नाकात गेली आणि मला लागोपाठ तीन शिंका आल्या. माझा जीव गळ्याशी आला. बाकी सगळं जागच्या जागी. शेजारची खेकसली, "अगं, तोंड तिकडं कर की! बाटल्या हायेत इथं!" इतका गोड शब्द मला आजवर कुणी बोललेलं नाही.

मावशी पुढं लेकाकडे गावी गेल्या, आणि तिकडंच वारल्या. आताचा टेलर टेपनं सुतासुताचं माप घेतो, वहीत लिहितो. ब्लाउज घालून झाला की मी विचारते, "शिंकून बघू?" तो घाईघाईनं पंखा बंद करतो.