खडूच्या टेकड्यांवर आई

खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आईने सत्तरी ओलांडली होती. आम्ही राहतो त्या बेटावर, बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्येच तिचा पाय घसरला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले आणि त्यांनी सहज विचारलं, बरं वाटल्यावर काय करायची इच्छा आहे? त्यांना वाटलं असावं, देवळात जायचंय, स्वयंपाक करायचाय, असं काहीतरी सांगेल. आई म्हणाली, "आय वाँट टु वॉक इन इंग्लंड."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मलाही ते त्याच क्षणी कळलं.

घरी येताना टॅक्सीत मी विचारलं, "आई, हे इंग्लंडचं काय मध्येच?"

"मध्येच नाही. तुझ्या जन्माच्या आधीपासूनचं आहे."

कराडच्या मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या टेकड्या आहेत, मऊ, गोलसर, एकीतून दुसरी निघावी तशा, हे तिने दरवर्षी नव्या वर्गाला सांगितलं होतं. आणि दरवर्षी कुणीतरी मुलगी विचारायचीच, "बाई, मग त्या पुसल्या तर जातात का?" सगळा वर्ग हसायचा. आईसुद्धा हसायची, पण आपण न बघितलेल्या गोष्टीबद्दल बोलतोय हे तिला खटकायचं. बाबा असेपर्यंत त्यांच्या आजारपणातून सवड झाली नाही. आता ती कराड सोडून माझ्याकडे राहायला आली होती आणि तिच्या मनात हिशेब पक्का होता. आता नाही तर कधीच नाही.

पुण्याहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. तो मला म्हणाला, "तू तिच्या नादाला लागू नकोस. न्यायचंच असेल तर टूरबरोबर ने. एसी बसमधून बघेल सगळं."

आई मागेच बसली होती. "बसमधून बघायचं असतं तर टीव्हीवर बघितलं असतं," ती म्हणाली. "मला त्यांच्यावरून चालायचंय."

मग सराव सुरू झाला. आधी वॉकर घेऊन इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, म्हाताऱ्यांच्या बुद्धिबळाच्या टेबलांना वळसे घालत. नंतर काठी घेऊन जुन्या रेल्वेमार्गाच्या पायवाटेवर. आठवडाभर मी ऑफिसला चांगी बिझनेस पार्कात, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार ती एकटीच निघायची. घराजवळच्या एलआरटी रेल्वेच्या स्टेशनच्या जिन्याने ती वर जायची आणि खाली यायची, गाडीत न बसता. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका काळजीने सांगायच्या, "आंटी, लिफ्ट तिकडे आहे!" ती म्हणायची, "आय नो," आणि पुढची पायरी चढायची. माझी लेक तिला रोज संध्याकाळी विचारायची, "आजी, टुडे हाउ मेनी राउंड्स?" आणि आकडा ऐकून इथल्या बोलीत म्हणायची, "वा, कॅन लाह!" म्हणजे, जमतंय की! आमच्या घरात तिच्या बाजूने एवढीच एक बोलायची.

मग बुकित तिमाहची टेकडी. तिथला डांबरी रस्ता सुरुवातीलाच छातीवर येतो. पहिल्या रविवारी आई पहिल्या वळणापर्यंत पोचली आणि मटकन बाकावर बसली. पाय थरथरत होता, कुडता पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "बास, परत जाऊ." ती म्हणाली, "आज बास." पुढच्या रविवारी ती त्या वळणाच्या जरा पुढे गेली. कितीतरी रविवार असेच गेले. ज्या सकाळी आम्ही माथ्यावरच्या दगडापाशी पोचलो, तेव्हा तिथे फोटो काढायला रांग होती. आई रांगेत उभी राहिली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "बुक कर तिकिटं."

मे महिन्यात आम्ही दोघीच गेलो. एका गावातून निघायचं, टेकड्यांवरून किंवा नदीकाठाने चालत पुढच्या गावात मुक्काम करायचा, असा बेत होता. सामान टॅक्सीने पुढे जाणार होतं.

पहिल्या दिवशी वाट चक्क लोकांच्या शेतांतून गेली. फाटक उघडायचं, आत जायचं, मागे नीट लावून घ्यायचं, की लगेच मेंढ्यांमधून पुढे. कुणी हटकत नव्हतं. आई पहिल्या फाटकापाशी घुटमळली. "दुसऱ्याच्या रानात असं शिरायचं?" मी सार्वजनिक पायवाटेची बाणाची पाटी दाखवली, तेव्हा कुठे आत आली. वर चढलो तर पायवाट पांढरीफटक. आईने काठी माझ्या हातात दिली, सावकाश वाकून एक खडा उचलला आणि फाटकाच्या खांबावर रेघ ओढली. रेघ उमटली. नुसती त्या रेघेकडे बघत राहिली, मग अंगठ्याने ती पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी अडचण आली, ती माझी. मी खास या प्रवासासाठी महागडे बूट घेतले होते आणि ते घरात जेमतेम वापरले होते. दुपारी एका गावात जेवायला थांबलो तेव्हा दोन्ही टाचांचे फोड फुटले होते. बूट परत पायात जाईना.

"मी टॅक्सी बोलावते," मी म्हटलं.

"बोलाव. तू जा. मी नदीकाठाने येते."

"एकटी? वाट चुकलीस म्हणजे?"

"नदी कशी चुकेल? ती त्याच गावात जाते ना?"

"आणि खुबा?"

"माझा खुबा नवा आहे. टाचा तुझ्या गेल्यात."

मी बरंच सांगून पाहिलं. पण एवढे रविवार मीच तिला टेकडीवर नेलं होतं. आता कुठल्या तोंडाने अडवणार? तिने पाण्याची बाटली घेतली, काठी घेतली, आणि पुलाखालून वाट वळते तिथे दिसेनाशी झाली.

मी टॅक्सीने पुढच्या गावी पोचले आणि चर्चसमोरच्या बाकावर बसले. चहा झाला. मग दुसरा झाला. ती यायला हवी होती, ती वेळ टळून गेली. फोन लावला तर लागेना. शेवटी मी सामानातून सपाता काढल्या, मोज्यांवर चढवल्या आणि लंगडत नदीच्या उलट दिशेने निघाले. पाणी संथ होतं, काठाने उंच गवत होतं. मला ना पाणी दिसत होतं ना गवत, फक्त वाटेचं पुढचं वळण दिसत होतं.

ती दिसली एका कुंपणापलीकडे. तिथे फाटक नव्हतं, लाकडी पायऱ्यांवरून कुंपण ओलांडायचं होतं, आणि खालची पायरी तुटलेली होती. आई गवतावर बसली होती. शेजारी तिच्याच वयाची एक गोरी बाई उभी, हातात कुत्र्याचा पट्टा. बाई मला म्हणाली, पलीकडच्या रस्त्यावर माझी गाडी आहे, मी केव्हापासून यांना सांगतेय की सोडते, पण या ऐकतच नाहीत.

"दोनदा प्रयत्न केला," आई म्हणाली. "जरा दम खातेय."

"आई, पुरे झालं. गाडीने जाऊ."

"पायरी तुटलीय, मी नाही," ती म्हणाली आणि उठली.

मी हात पुढे केला. "धरू नकोस. नुसती उभी राहा तिथे." चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे फिजिओने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिने काठी माझ्याकडे फेकली, वरचा दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि चांगला पाय उचलला. गुडघा मध्येच थांबला. आईच्या हातांच्या शिरा वर आल्या. मग ती वर होती. वळली, पाठमोरी झाली, आणि ऑपरेशनचा पाय माझ्या बाजूच्या जमिनीवर टेकला.

मी रडायला लागले. आईला ते आवडलं नाही. "अगं, काठी दे," ती म्हणाली.

ती बाई कुत्र्याला घेऊन आमच्याबरोबर गावापर्यंत आली. आई तिच्याशी शाळेतल्या जपून बोलायच्या इंग्रजीत बोलत होती. तिने विचारलं, इथे पाऊस कधी पडतो? बाई म्हणाली, नेहमीच. दोघी हसल्या. मी मागून लंगडत होते.

खोलीवर आईने खुब्यावर बर्फ ठेवला. सूज होती, ती लपवत होती. मी म्हटलं, उद्या विश्रांती. तिने डोळे मिटूनच मान हलवली, मला वाटलं पटलं. पण सकाळी मी उठले तेव्हा ती बूट घालून पलंगाच्या कडेला बसली होती आणि नकाशात त्या दिवसाचा चढ शोधत होती. मी टाचांना पट्ट्या चिकटवल्या, सपाता घातल्या आणि तिच्या मागोमाग निघाले. त्या दिवशी आम्ही फार हळू चाललो. दर फाटकाला थांबलो. पण मुक्कामाच्या गावी चालतच पोचलो, आणि त्यानंतरच्या गावीही.