कमलताईंचं सुतक

कमलताई गावड्यांना कुणी मावशी म्हटलेलं चालायचं, काकू म्हटलेलं चालायचं. "ओ कँटिन" अशी हाक एका पोराने मारली होती, त्याला महिनाभर बिनसाखरेचा चहा मिळाला. पण "लेजंड" असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली ते सांगतो. ऐकून तुमची गेली नाही तर नाव बदलीन.

परळच्या एका कॉलेजात कमलताई कँटिन चालवायच्या. त्यांचा नवरा, लवू, गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याच कॉलेजात शिपाई म्हणून चिकटला आणि नोकरीत असतानाच गेला. तेव्हा कॉलेजने कमलताईंना कँटिन दिलं. उपकार बिपकार काही नाही हं! गळकं छप्पर, घुशी, मोडके बाक. ते कँटिन कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. कमलताईंनी घेतलं, गावाकडचा गंगाधर स्वयंपाकाला आणला, आणि काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. लालबागच्या चाळीत त्या लवूची बायको होत्या, घरात सुनेची सासू. काउंटरमागे मात्र त्या कमलताई होत्या. कोण उपाशी आलंय, कोण परीक्षेला घाबरून वडापावकडे नुसतं बघत बसलंय, हे त्यांना तिथून दिसायचं. कुणी पास झालं, कुणाला नोकरी लागली की काउंटरवरून शिरा मिळायचा. साधं कडाप्प्याचं काउंटर ते, पण बाईचा सगळा जीव त्यात.

मग कॉलेजला कुठूनशी मोठी देणगी मिळाली आणि प्राचार्यांना अचानक कँटिनची लाज वाटायला लागली. सगळं नवं करायचं ठरलं. कमलताईंनी एकच प्रश्न विचारला, "सर, काम झाल्यावर काउंटर माझ्याकडेच ना?"

"अहो ताई, तुमच्याशिवाय कँटिन कसलं?" प्राचार्य म्हणाले.

आता हे उत्तर झालं का? तुम्हीच सांगा. यात हो नाही, नाहीही नाही. पण कमलताईंना हो ऐकायचं होतं, म्हणून त्यांनी ते हो धरलं.

काम एका डिझाइन स्टुडिओकडे गेलं. विनीत त्याचा मालक, आणि पूर्वी ही त्याच्या हाताखालची मुलगी. आधी म्हणे रिसर्च. रंगांचा रिसर्च, अक्षरांचा रिसर्च, ब्रँडचा रिसर्च. ही पूर्वी रंगांचं शेडकार्ड घेऊन भिंतीला लावून लावून बघायची. कँटिनची भिंत कमरेपर्यंत हिरव्या ऑइलपेंटची; पोरं हात पुसतात तेव्हा फडक्याने साफ करता यावी, एवढाच त्यामागे विचार. विनीत त्या भिंतीसमोर हात जोडायचाच काय तो बाकी राहिला. "हा गिरणगाव ग्रीन," तो म्हणाला. "आणि हे पोपडे बघ, पूर्वी! ऑथेंटिक!" पुढे त्यांनी काय केलं माहितेय? जुनी भिंत पाडली, नवी बांधली, हिरवी रंगवली, आणि मग माणूस लावून पॉलिशपेपरने खरवडून घेतली. ज्या पोपड्यांवर रंग मारून द्या म्हणून कमलताईंनी ऑफिसचे उंबरठे झिजवले, तेच पोपडे आता मजुरी देऊन बनवले. डोकं फिरेल नाही तर काय!

मग अक्षरं. कमलताई रोज सकाळी पाटीवर खडूने मेनू लिहायच्या. शाळा लवकर सुटलेली, पण अक्षर ठसठशीत. फक्त त्यांचा ल थोडा पुढे झुकायचा, बस पकडायला निघाल्यासारखा. विनीत म्हणाला, यातून फाँट करायचा. पूर्वीने त्यांना दुपारभर बसवून अख्खी बाराखडी लिहून घेतली, मग जोडाक्षरं, मग आकडे. हात भरून आला, पण खोटं कशाला बोला, त्यांना मजा आली. आपल्या अक्षरात अख्खं कॉलेज जेवणार म्हणजे काय! फाँटचं नावसुद्धा 'कमल' ठेवलं. त्या दिवशी पूर्वीला दोनदा शिरा मिळाला.

शेवटी ब्रँड. त्यासाठी म्हणे घर बघायचं होतं. पूर्वी लालबागला आली आणि मसाल्याच्या बरण्यांपासून मोरीतल्या घंगाळापर्यंत सगळ्याचे फोटो काढत सुटली. लवूच्या फोटोसमोर मात्र थांबली. काळी लाकडी चौकट, चंदनाचा हार, वर छोटा लाल बल्ब.

"ताई, किती सुंदर फ्रेम आहे!"

कमलताईंना कसंसंच झालं. गेलेल्या माणसाच्या फोटोला कुणी सुंदर म्हणतं का? पण पोर मनाने चांगली होती, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. जाताना पूर्वीने त्यांचाही एक फोटो काढला, खिडकीपाशी उभं करून, निळ्या साडीत. "नव्या कँटिनसाठी लागेल," म्हणाली. कमलताईंना वाटलं, आयकार्डासाठी.

कँटिन बंद झालं. पावसाळा गेला, गणपती आले नि गेले. फोन केला की एकच उत्तर, "काम चालू आहे, कळवू." कळवलं कुणीच नाही. शेवटी गंगाधर दारात येऊन उभा राहिला आणि नजर चुकवत सांगता झाला. नवं कँटिन एका केटरिंग कंपनीला दिलं होतं. गंगाधरला कंपनीने ठेवून घेतलं होतं. आणि उद्या उद्घाटन होतं.

"आणि काउंटर?"

"वैनी, तुमी येवा तर खरा उद्या," गंगाधर म्हणाला. "मगे बघूया."

सकाळी कमलताईंनी तीच निळी साडी नेसली, आपला एप्रन पिशवीत घातला आणि निघाल्या. वाटेत स्वतःलाच समजावत होत्या, गडबडीत आपल्याला बोलवायचं राहून गेलं असेल. बघा आता! चूक त्या लोकांची, आणि सावरून घेतेय ही बाई.

दारावर पाटी होती, 'कमलताईंचं स्वयंपाकघर'. त्यांच्याच अक्षरात, पुढे झुकलेल्या ल सकट. क्षणभर छाती भरून आली. आत गेल्या तर मेनूही त्यांच्याच अक्षरात. 'सिग्नेचर थाळी'. 'मिलवर्कर मिसळ'. जन्मात न लिहिलेले शब्द, आणि अक्षर मात्र आपलं! आपली खोटी सही कुणी करावी तसं त्यांना वाटलं. सगळ्यात वर होतं, 'आजचं खास: पिठलं-भात'.

आणि मग ती भिंत दिसली. काळी लाकडी चौकट. चंदनाचा हार. वर छोटा लाल बल्ब. लवूची चौकट, जशीच्या तशी, फक्त मोठी केलेली. आणि आत लवू नव्हता. आत खिडकीपाशी उभ्या, निळ्या साडीतल्या कमलताई होत्या.

त्यांनी बाकाला धरलं. फोटोखाली पहिल्या वर्षाची एक मुलगी ताट घेऊन उभी होती, नेरिसा नावाची, गिरगावातून यायची. तिने एका हाताने क्रूसाची खूण केली आणि शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "आंटी, तुम्ही यांच्या नात्यातल्या का?"

"मीच ती," कमलताई म्हणाल्या.

पोरीने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा फोटोकडे, आणि अशी किंचाळली की ताट हातातून सुटलं. पिठलं सगळं गिरणगाव ग्रीनवर उडालं.

किंकाळी ऐकून प्राचार्य धावत आले, विनीत आला, मागून पूर्वी. कमलताईंना बघताच तिघांचे चेहरे खाडकन उतरले.

"काय हे?" कमलताई म्हणाल्या. "मी मेले काय?"

"ताई, तुम्ही चुकीचं घेताय," विनीत म्हणाला. "हा सन्मान आहे. यू आर अ लेजंड! महापुरुषांच्या फोटोला आपण हार घालतोच ना?"

"अरे बाबा, महापुरुष गेलेलेच असतात!"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पूर्वी पुटपुटली, "सर, मी म्हटलं होतं..."

"काय म्हटलं होतंस?" कमलताई तिच्याकडे वळल्या. "बोल, बाय. घाबरू नको."

पूर्वीचे डोळे भरले होते. "म्हटलं होतं, त्या आहेत अजून. तर सर म्हणाले, इथे कुठे येणार आहेत त्या आता."

घ्या! ऐकलंत? इथे कुठे येणार आहेत त्या. म्हणजे भिंतीवर चढवताना या लोकांना पक्कं ठाऊक होतं की काउंटर हिला द्यायचं नाही. हिचं नाव हवं, हिचं अक्षर हवं, हिचं तोंड हवं, फक्त बाई नको! आणि वर हार घातला की झालं, ती बाई कुठाय असं कुणी विचारायलाही नको. याला सन्मान म्हणतात? मग अपमान कशाला म्हणतात हो?

"सर," कमलताई प्राचार्यांना म्हणाल्या, "काउंटर माझ्याकडेच ना, असं मी विचारलं होतं तुम्हाला."

"ताई, कंपनीची पॉलिसी असते, वयाची अट असते..." प्राचार्यांनी आजूबाजूला पाहिलं. पुढच्या टेबलांवर देणगी देणारे पाहुणे रिकामी ताटं पुढ्यात घेऊन बसले होते. "असं करू, तुम्ही येऊन बसत जा फोटोपाशी. नऊवारी नेसून. पाहुण्यांना आवडेल."

कमलताईंनी आयुष्यात नऊवारी नेसली नव्हती. आता त्या रडणार असं सगळ्यांना वाटलं. त्या रडल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गंगाधर! घरात माणूस गेलं की आपल्यात चूल पेटते काय?"

आतून उत्तर यायला वेळ लागला. गंगाधरच्या अंगात कंपनीचा कोरा गणवेश होता आणि दाराशीच कंपनीचा मॅनेजर उभा होता.

"नाय वैनी," शेवटी तो म्हणाला. "शेजारी आणून देतत ता खावचा. पिठला-भात. गोड तर अजिबात नाय."

"मग इथे कशी पेटलीय? हार घातलाय मला. दिवा लावलाय. पिठलं-भातही केलाय. मग सुतक तेवढं कशाला सोडता? तेही पाळा!"

मग आतून टक् असा आवाज आला. मग आणखी एक टक्. शेगड्यांचा एवढा वेळ चाललेला घरघराट एकेक करून थांबला.

"ए, काय करतोस?" मॅनेजर ओरडला. "पाहुणे जेवायचेत अजून!"

"आमच्यात पाळतत, सर," गंगाधर हात पुसत बाहेर आला. "वैनीन माका मुंबैत आणल्यान. तिचा सुतक मी नाय पाळूचा तर कोणी?"

नेरिसाने दुसरं ताट घेतलं होतं, ते तिने टेबलावर ठेवलं. तिच्या शेजारच्या पोराने ठेवलं. मग पलीकडच्यांनी. पाहुण्यांपैकी एका आजींनी फोटोकडे पाहिलं, कमलताईंकडे पाहिलं, "अगंबाई!" म्हणाल्या आणि आपलं रिकामं ताट दूर सारलं.

प्राचार्यांनी घसा खाकरला. "किती... म्हणजे किती वेळ हे?"

"तेरा दिवस," कमलताई म्हणाल्या. "नाहीतर मी जिवंत आहे असं ठरवा."

"विनीत, फोटो उतरवा तो. ताबडतोब."

"नुसता फोटो नाही. मी काउंटरला आहे की नाही ते आधी बोला. इथे, सगळ्यांसमोर. तुमचं ते गुळमुळीत उत्तर मला परत नको."

प्राचार्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने बंद शेगड्यांकडे पाहिलं आणि चडफडत मान हलवली.

"आहात," प्राचार्य म्हणाले. मग, मागच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "ताई, तुम्ही काउंटरला आहात."

विनीत खुर्चीवर चढला. हार काढायला गेला तर तो निघेना. धूळ बसली की पुसता यावा म्हणून चौकटीला गोंदाने पक्का चिकटवलेला. केवढी दूरदृष्टी! बाईला कायमचीच मारून ठेवली होती की. शेवटी अख्खी चौकटच उतरवावी लागली. घाईत बल्ब बंद करायचं कुणाला सुचलं नाही, तो वायरीला लोंबत जळत राहिला.

दारावरची पाटी आजही तीच आहे. तो फाँट आजही स्टुडिओच्याच नावावर आहे, आणि कमलताईंचा राग म्हणाल तर तो अजून गेलेला नाही. का जावा? पण त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एप्रन काढला, मागे गाठ मारली आणि काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या. नवं काउंटर उंच होतं, टाचा उचलाव्या लागल्या. समोर पोरं बसली होती, उपाशी.

"गंगाधर," त्या म्हणाल्या, "पेटव रे. आणि ते पिठलं राहू दे. सगळ्यांना शिरा टाक."